डोळ्यांच्या उंदरांचा रखवालदार

आमच्या गावात एक भोळा माणूस राहतो. ‘राहत होता’ म्हणायची सोय नाही, कारण त्याची नि माझी भिंत एकच आहे. त्याचं नाव भानुदास, त्याच्या आईचं कौतिकबाई. मी कुणाच्या घरात डोकावणारी नाही. पण भिंत पातळ आहे आणि कौतिकबाईंचा आवाज जाड.

गावाबाहेरच्या माळावर संशोधनाची एक संस्था आहे. तिथं हळबे मॅडम उंदीर पाळतात. हो, पाळतात. आपण ज्यांच्यासाठी बाजारातून सापळा आणतो, त्यांना तिथं गार हवा आणि गाळलेलं पाणी. पण कारण चांगलं आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यात, मागच्या पडद्यावर, रक्ताच्या बारीक नळ्या नीट वाढत नाहीत. कधीकधी बाळ आंधळं होतं. उंदराच्या पिलाच्या डोळ्यात या नळ्या जन्मल्यावरच पसरायला लागतात, म्हणून त्या वाढताना बघता येतात. मॅडमनी काही उंदरांच्या जनुकांत बदल केला होता. त्यांच्या नळ्या वेगळ्या वाढायच्या. त्याच पिंजऱ्यात त्यांची साधी भावंडं. दोघांचे डोळे ताडून बघायचे, हे मॅडमचं वर्षानुवर्षांचं काम. आता दिल्लीहून तज्ज्ञ मंडळी बघायला येणार होती. त्यांना पटलं तर काम पुढे, नाहीतर खोलीला कुलूप.

अशा नाजूक ठिकाणी रखवालीला कोण ठेवला? आमचा भानुदास. संस्थेला म्हणे सांगितलेलं ऐकणारा माणूस हवा होता. मिळाला.

पहिल्याच दिवशी त्यानं उंदरांना घरचे शेव-मुरमुरे घातले. वरून कांदाही चिरला.

“भानुदास, बाहेरचं काही आत आणायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “आणि आणावंच लागलं, तर आधी त्यावर स्पिरिट फवारायचं. मग आत.”

“बरं मॅडम.”

दुसऱ्या दिवशी संस्थेचे मोठे साहेब आले. आता साहेब बाहेरूनच येणार, आत थोडेच उगवतात. भानुदासनं त्यांना दारातच धरलं आणि टकलापासून बुटापर्यंत फवारलं. “हात वर करा,” म्हणून काखेतही फवारलं. कामात कसर नाही.

मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. “अरे, कुणी मोठं आलं की वाकून नमस्कार करावा. खुर्ची द्यावी, चहा विचारावा.”

“बरं मॅडम.”

मग दाण्यांच्या खोलीत घूस शिरली. चांगली मांजराएवढी. भानुदासनं वाकून नमस्कार केला. खुर्ची दिली. घुशीनं खुर्चीचा पाय कुरतडला. तरी त्यानं चहा विचारला. मॅडम आल्या तेव्हा घूस बशीत तोंड घालून बसली होती आणि भानुदास समोर हात बांधून उभा.

“ही कोण?”

“नाव नाही सांगितलं अजून. पण मोठ्या आहेत.”

मॅडमनी डोळे मिटले. उघडले. “हे बघ भानुदास. ज्यांच्यात बदल केलाय, त्या उंदरांच्या उजव्या कानाला आम्ही भोक पाडतो. नाहीतर त्यांच्यात नि भावंडांत दिसायला तिळाचा फरक नाही. ती एवढीच खूण. मोकळं कुणी फिरताना दिसलं तर आधी कान बघ. भोक नाही? मग ते आपलं नाही. हाकलून दे.”

“हे आधी सांगायचं ना मॅडम,” भानुदास म्हणाला. खरंच आहे. चूक मॅडमचीच.

दिल्लीची मंडळी आली. दोन पुरुष आणि एक बाई. भानुदासनं पहिल्याची मान वळवून उजवा कान बघितला. दुसऱ्याचा बघितला. “भोक नाही. तुम्ही आपले नाही,” म्हणत दोघांना फाटकाबाहेर नेऊन उन्हात उभं केलं. बाईंच्या कानात कुड्या होत्या. “तुम्ही आपल्या, या,” म्हणून त्यांना पंख्याखाली बसवलं आणि पुढ्यात उंदरांचे दाणे वाढले.

बाई समजूतदार निघाल्या. दाणे बाजूला सारून म्हणाल्या, “उद्या सकाळी येतो. उंदीर नीट दाखवा. नाही दाखवले, तर मलाही काही करता येणार नाही.”

त्या दिवशी मॅडम ओरडल्या नाहीत. थकल्या होत्या बिचाऱ्या. “भानुदास,” त्या म्हणाल्या, “भोक असलेला लाडका नि भोक नसलेला परका, असं नसतं रे. ताडून बघायला मला दोघेही लागतात. सारखं खाणं, सारखं पाणी, सारखी निगा. दोघांत एवढासुद्धा फरक ठेवायचा नाही. कळलं?”

“कळलं मॅडम.”

संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला.

“आई, साध्या उंदरांचे कान टोचायचे राहिलेत.”

“अगं बाई. मॅडम बोलल्या का?”

“फरक ठेवू नको म्हणाल्या.”

“बरोबर बोलल्या. पण तू नको रे टोचू, ते सोनाराचं काम. विसपुत्यांना घेऊन जा. नारळ आणि खोबऱ्याची वाटी मी देते.”

झाड तसं फळ.

सकाळी भानुदासनं एकही चूक केली नाही. विसपुते सोनार बाहेरून आले, म्हणून त्यांच्यावर स्पिरिट फवारलं. वयानं मोठे, म्हणून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा पाजला. कान बघितले, भिकबाळीचं भोक होतं, म्हणून आत घेतलं. विसपुत्यांनी आजवर रडणारी पोरं पुष्कळ टोचली होती. चावणारी पहिल्यांदाच. तरी गडी मागे हटला नाही. साध्या उंदरांचे उजवे कान टोचून त्यात तांब्याची तार घातली, वर हळद-तेल लावलं. फरक राहू नये म्हणून आधीच्या भोकांतही तार घातली.

दिल्लीची मंडळी आली. मॅडमनी झाकण उघडलं. आत सगळे पिवळ्या कानांचे, बाळ्या घातलेले, बारशाला निघाल्यासारखे.

बाईंनी विचारलं, “यांतले बदल केलेले कुठले?”

मॅडम एकेका उंदराचा कान उलटून बघू लागल्या. उत्तर भानुदासनं दिलं. “ओळखून दाखवा.” छाती फुगली होती त्याची.

तज्ज्ञ एकमेकांकडे बघत उठले. मागोमाग मोठे साहेब तरातरा आले. हातात कुलूप. दारात क्षणभर थांबले, आज फवारलं कसं नाही म्हणून.

भानुदासनं वाकून नमस्कार केला. वाकल्या वाकल्या साहेबांचा उजवा कान बघितला. मग खुर्ची पुढे सरकवली, त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना खाली बसवलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाला,

“विसपुतेमामा, सुई ठेवू नका. साहेबांचे राहिलेत.”