गुंजीच्या पिंजऱ्याला दार हवं

एक होती गुंजी. गुंजी म्हणजे शेवंताकाकूंची मुनिया. चिमणीहून लहान, आणि आवाज मात्र शिट्टीएवढा.

एक दिवस काय झालं? कट्‌ कट्‌ कट्‌... धप्प!

गुंजीचा जुना पिंजरा खिळ्यावरून पडला. काड्या काड्या झाल्या. गुंजी उडाली नि फळीवर बसली. खाली आला शेजारचा बोका. मिशा फेंदारून वर बघत बसला.

काकू म्हणाल्या, "नवा पिंजरा घेऊ. तूच जा नि पसंत कर. मी भाकऱ्या भाजून आलेच."

फुर्र फुर्र, टप्‌! गुंजी गेली बुरूडदादाच्या दुकानात. बुरूडदादा बांबूच्या टोपल्या विणायचा. पिंजरेही विणायचा.

पहिला पिंजरा मोठा. गुंजी इकडून आत गेली, काड्यांमधून तिकडून बाहेर आली.

"हा नको."

दुसरा पिंजरा छोटा. गुंजी आत, शेपूट बाहेर.

"हाही नको."

तिसरा पिंजरा अगदी बेताचा. आत झोका. गुंजीने झोका घेतला. झुई झुई, झुई झुई.

"हाच हवा. पण दादा, याला दार कुठंय?"

"दार व्हायचंय अजून," बुरूडदादा म्हणाला. "माझा कोयता बोथट झालाय. लोहारदादाने धार लावली, तर दार करीन."

फुर्र फुर्र, टप्‌! गुंजी गेली लोहारदादाकडे.

"बोका बसलाय टपून,
बुरूडदादा दार करीना.
लोहारदादा, लोहारदादा, धार लाव ना."

"कशी लावू? कोयता तापवायला भाता लागतो. भाता तर फाटलाय. हवा जाते फुस्स. मोचीकाकाने भाता शिवला, तर धार लावीन."

फुर्र फुर्र, टप्‌! गुंजी गेली मोचीकाकाकडे.

"बोका बसलाय टपून,
बुरूडदादा दार करीना,
लोहारदादा धार लावीना.
मोचीकाका, मोचीकाका, भाता शिव ना."

"कसा शिवू? दोरा तुटतो तट्‌ तट्‌. दोऱ्याला मेण हवं. माशीताईने मेण दिलं, तर भाता शिवीन."

फुर्र फुर्र, टप्‌! गुंजी गेली मधमाशीकडे.

"बोका बसलाय टपून,
बुरूडदादा दार करीना,
लोहारदादा धार लावीना,
मोचीकाका भाता शिवीना.
माशीताई, माशीताई, मेण दे ना."

"गुं गुं. कुठून देऊ? सकाळपासून एक फूल मिळालं नाही. दोडक्याच्या वेलीने फूल दिलं, तर मेण देईन."

फुर्र फुर्र, टप्‌! गुंजी गेली दोडक्याच्या वेलीकडे.

"बोका बसलाय टपून,
बुरूडदादा दार करीना,
लोहारदादा धार लावीना,
मोचीकाका भाता शिवीना,
माशीताई मेण देईना.
वेलीबाई, वेलीबाई, फूल दे ना."

"कसं देऊ गं? कळ्यांवर अळ्या चढल्यात. कुरुम कुरुम खातात. अळ्या गेल्या, तर फूल देईन."

गुंजीने मान वाकडी केली. "अळ्या कशा आहेत?"

"हिरव्या. गुबगुबीत."

गुंजीला आठवलं, आपण सकाळपासून उपाशी आहोत.

"एवढंच ना?" गुंजी म्हणाली.

मट्‌. मट्‌. मट्‌. अळ्या गेल्या गुंजीच्या पोटात.

मग वेलीबाईने फूल दिलं, पिवळंधम्मक.
माशीताईने मेण दिलं, गुं गुं.
मोचीकाकाने भाता शिवला, टाक टाक.
लोहारदादाने धार लावली, खस्स खस्स.
बुरूडदादाने दार केलं, चट्‌ पट्‌.

"कडी बाहेरून लावू ना?" बुरूडदादाने विचारलं.

"छे. आतून लाव," गुंजी म्हणाली. "लावीन मी, काढीनही मी."

तेवढ्यात शेवंताकाकू आल्या. त्यांनी बुरूडदादाला सूपभर ज्वारी दिली नि पिंजरा घेतला. घरी येऊन खिडकीत टांगला. गुंजी आत गेली. पोट गच्च भरलेलं, त्यामुळे जरा हळूहळूच गेली.

बोका आला दबकत दबकत. त्याने पंजाने दार ढकललं. दार हलेना.

"गुंजीताई, दार उघड की."

"कामात आहे," गुंजी म्हणाली.

आणि झोका घेत बसली. झुई झुई, झुई झुई.

कडी लागली खट्ट,
गोष्ट मिटली घट्ट.