पहिला गलेफ

“आमचा मान काढून घेणारी ही कमिटी कोण, बाबा?”

बाळराजे दर्ग्याच्या पायरीवरूनच बोलले. चपला अजून पायातच होत्या.

दर्ग्याची सेवा करणाऱ्या लाडलेबाबा फकिरांनी नुसतं चपलांकडं पाहिलं. बाळराजांनी त्या काढल्या.

हरणगडचं संस्थान विलीन झालं तेव्हा हे बाळराजे पाळण्यात होते. पुढं राजवाड्यात कचेरी आली, हत्तीच्या ठाणात पंचायतीचा ट्रॅक्टर आला, आणि राजे साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन करू लागले. गाडीवान त्यांना काटेवाले म्हणत. पण उरसाला पिराच्या थडग्यावर पहिला गलेफ, मानाची पहिली चादर, चढायची ती त्यांच्याच हातची. त्या एका सकाळच्या जोरावर ते बाकीचं वर्ष काढत.

यंदा उरसाच्या कमिटीनं त्या मानासाठी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली टेम्पोवाल्या सदू पोवाराची.

“उद्या सदू पहिला. आणि आम्ही? त्याच्या मागं रांगेत?”

“सावली बघून उभं ऱ्हावा म्हंजे झालं.”

“थट्टा नको, बाबा. तुमचा शब्द कमिटी मोडणार नाही. एवढंही गेलं तर आमचं राहिलं काय?”

 बाबा भिंतीला धरून हळूहळू उठले.

“बरं झालं आलासा. गलेफ उतरवायचेत. गुडघं ऐकंनात माझं. हातपाय धुवा, आन् हे टोक धरा.”

उरसाच्या आदल्या दिवशी वर्षभराचे गलेफ उतरवून धुवायला काढायचे, ही तिथली रीत. बाळराजांना ती ठाऊक होती. हात मात्र कधी लावला नव्हता.

त्यांनी टोक धरलं.

“हा कुणाचा?”

“कोंबडीवाल्या अण्णाचा. पोरगी परत नांदायला गेली म्हणून.”

“हा?”

“बाईनं नाव न्हाई सांगितलं. रडत हुती.”

वरचे गलेफ उन्हानं विटलेले. खाली जावं तसा रंग ताजा होत गेला. राजांचा सदरा घामानं पाठीला चिकटला.

शेवटी जांभळी मखमल लागली. तिच्यावर जरीचे मोर. संस्थानचा गलेफ... कालच शिवल्यासारखा.

“आमचा सगळ्यात खाली?”

“पहिला न्हवं का त्यो.”

“म्हणजे वर्षभर... कुणाला दिसलाच नाही?”

“दुपारपतुर झाकून जातोय. दर साली.”

बाळराजे मोरांकडं बघत राहिले. मग त्यांनी मखमल उचलली, आणि हात तिथंच थांबला.

खाली आणखी एक कापड होतं. पांढरं, जाडंभरडं, मधे ठिगळ लावलेलं. दर उरसाला मखमल चढवण्याच्या थाटात त्यांनी खाली कधी पाहिलंच नव्हतं.

“आमच्या आधी हे कुणी घातलं?” त्यांचा आवाज चढला.

“तुमच्या आजोबांनी.”

बाळराजांनी मखमल बाजूला ठेवली.

“संस्थान गेलं त्या साली. भालदार, बँड, समदं घेऊन मखमल चढवून गेले ते. पर त्याच्या आधी, पहाटंच, एकलेच आले हुते. अनवाणी. हे धोतर अंथरलं. म्या म्हटलं, सरकार, हे काय? तर म्हणाले, राजा मागनं येतोय.”

बाळराजांनी धोतराच्या ठिगळावर हात ठेवला.

“आम्हाला कधी सांगितलं नाही त्यांनी.”

“मलाबी बोलू नगंस म्हणाले हुते. आज तुम्हीच इचारलं. दर साली धुतो, परत घालतो.”

त्या दिवशी ते बाळराजांनीच हौदावर धुतलं. पिळताना पाणी सदऱ्यावर सांडलं, त्यांनी ते पुसलं नाही. धोतर उन्हात पसरलं. वाळेपर्यंत दोघं पायरीवर बसून राहिले.

वाळल्यावर बाबांनी त्याची घडी केली आणि राजांच्या हातात दिली.

“घाला.”

“मी? चिठ्ठी तर सदूची निघालीय.”

“दगड मघाधरनं उघडा पडलाय, राजे.”

बाळराजे वाकले. बँड नव्हता, भालदार नव्हते, बघायलाही कुणी नव्हतं. त्यांनी डोक्याकडून पायाकडं धोतर हळूहळू पसरत नेलं.



“बाबा... उद्या पहिला गलेफ मग कुणाचा?”

बाबांनी डोळे बारीक करून थडग्याकडं पाहिलं.

“पायाकडं एक चुणी ऱ्हायलीय. तेवढी काढा.”