वाढत्या अंगाचा फ्रॉक

सातपुड्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सांभाळणाऱ्या मोगराबाईंनी अंगणवाडीतल्या खुरटलेल्या चिमुरड्या रायलीचा फोटो फेसबुकवर टाकला, आणि तिसऱ्याच दिवशी मोठे साहेब जीप घेऊन दारात!

"फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे, बाई. त्यानंतर नवी पोषण योजना आली. आत्ताच्या आत्ता डिलीट करा, नाहीतर नोकरी जाईल."

मोगराबाईंनी रायलीला पुढे उभं केलं. अंगावर फोटोतलाच पिवळा फ्रॉक होता, तसाच ढगळ.

"फोटो जुनाच आहे, साहेब. फ्रॉक हिच्या आईनं तेव्हा वाढत्या अंगाचा म्हणून घेतला होता. ज्या दिवशी तो आखूड होईल, त्या दिवशी तुम्ही न सांगता डिलीट करते."

साहेब जीपकडे वळले. दाराशी उभी असलेली रायलीची आई मात्र, रोजच्यासारखी, फ्रॉकची किनार गुडघ्याच्या वर सरकली का ते बघत होती.