कणगीतला कटोरा

सलोमीला आई नव्हती, बापही नव्हता. आत्याच्या जुन्या साडीचा फ्रॉक घालून ती रविवारी गावच्या ख्रिस्ती देवळात शेवटच्या बाकावर एकटी बसायची. पूर्वी शेजारी शांतवनबाबा बसायचे. तेच देवळाची घंटा वाजवायचे, किल्ली सांभाळायचे, अन् गुपचूप तिच्या हातात चिंचेची गोळी ठेवायचे.

पण कापणीच्या सणाला बाप्तिस्म्याचा पितळी कटोरा हरवला. साऱ्या मंडळीनं बाबांकडे तिरकं पाहिलं. बोललं कुणी नाही हो, नुसतं पाहिलं. बाबांनी घंटेचा दोर सोडला, देऊळ सोडलं, प्रार्थनासुद्धा सोडली.

एका सकाळी देवळामागच्या बागेत लालचुटुक जास्वंदीतून इवलीशी परी निघाली. मोरपंखी पंख, पायांत दवाचे पैंजण!

"माग बाळ, काय हवं ते."

सलोमी दोन पावलं मागं सरली. "तू परीच कशावरून? प्रभूची प्रार्थना म्हणून दाखव."

परीनं सबंध म्हटली, अगदी आमेनपर्यंत.

"पण नियम आहे हं. इच्छा एकच. अन् कुणाचं मन फिरवायचं नाही. ते दार ज्याचं त्यानंच आतून उघडायचं असतं."

सलोमीला नवा फ्रॉक आठवला. मग बाबा आठवले. "कटोरा दाखव," ती म्हणाली.

परी भुर्रकन उडाली, ती देवळाच्या कोठीतल्या कणगीवर बसली.

"यात? खोटं!"

तरी सलोमीनं टोपली टोपली जोंधळा उपसला. तळाशी चमचम! सणाला कुणीतरी अर्पणाच्या जोंधळ्याची रास कटोऱ्यावरच ओतली होती. रास कणगीत गेली, कटोराही गेला. बियाण्याच्या कणगीचा तळ कोण बघतो?

कटोरा घेऊन ती बाबांच्या दारी धावली. "सलाम बाबा."

दार बोटभर उघडलं. "कुणी धाडलं? पाळकसाहेबांनी?"

"मीच आले. कटोरा सापडला, कणगीत."

"ने तो! आता म्हणतील, म्हाताऱ्याच्याच घरात निघाला."

"बाबा, मी माफी मागायला आले. मीपण तुमच्याकडे तसंच बघितलं होतं."

"तू गं? माझी गोळी खाऊन?"

"हो," ती मुसमुसली, "गोळी खाऊन."

दार मिटलं.

रविवारी वेदीवरचा कटोरा पाहून, सलोमीकडून कणगीची हकीकत ऐकून मंडळीनं माना खाली घातल्या. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, दोन्ही वेड्यावाकड्या. तिसरी मात्र सावकाश, गोड, बाबांच्या हातची!

"सरक जरा," बाबा म्हणाले. मुठीत गोळी होती.

खिडकीतल्या सोनेरी उन्हात परी गरगर फिरली अन् ऊनच होऊन गेली. बाबांनी प्रार्थनेला डोळे मिटले. सलोमीनं एक डोळा किलकिला ठेवला, बाबा खरंच आहेत ना, ते बघायला.