टिकलीचा लाल दाणा

दूर जपानात फुमी मावशीचं एक घर होतं. घराच्या भिंतीत एक बीळ होतं. बिळात राहायची इवलीशी उंदरीण. नाव तिचं टिकली.

टिकली अगदी एकटी. तिच्याजवळ एकच लाल दाणा. ती त्याच्याशीच बोलायची. त्याला कुशीत घेऊन झोपायची.

एकदा दाणा घरंगळला. गडगड गडगड... डुबुक! फुमी मावशीच्या पातेल्यात पडला.

पातेल्यात तसेच चवळीसारखे लाल दाणे भिजत होते. मावशी त्यांचं गोड गोड पुरण करायची. त्याला म्हणायची आंको.

टिकली काठावर चढली.

"दाण्या दाण्या, चल घरी!"

"असा नाही येणार. गोड होऊन येईन. साखरेला सांग."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"साखरबाई साखरबाई, दाणा येईना! तू पड ना!"

"आत्ता? छे! मी आधी पडले तर दाणे कडकच राहतात. पाण्याला सांग, दाणे शिजव."

तुरुतुरु तुरुतुरु.

"पाण्या पाण्या, दाणा येईना, साखर पडेना! तू उकळ ना!"

"मी तर थंडगार! शेगडीला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.

"शेगडीबाई शेगडीबाई, दाणा येईना, साखर पडेना, पाणी उकळेना! तू पेट ना!"

"माझी मी कशी पेटू? मावशीला सांग."

टिकली चिडली. "जो तो मला दुसऱ्याकडे धाडतो! दाणा माझा आहे, माझा!"

तुरुतुरु तुरुतुरु. मावशी खिडकीशी बसली होती.

"मावशी मावशी, दाणा येईना, साखर पडेना, पाणी उकळेना, शेगडी पेटेना! तू ऊठ ना!"

"कशाला उठू गं? दाणे भिजवले आपले सवयीने. मुलं गेली लांब. आता खाणारं कोण आहे?"

टिकलीने शेपटी आपटली. फट!

"मी आहे ना!"

मावशीने वळून पाहिलं. "अगंबाई! खरंच की!"

मावशी उठली, टुणकन! शेगडी पेटली, भक्क! पाणी उकळलं, खदखद खदखद! दाणे शिजले, मऊ मऊ! मग साखर पडली, भुरुभुरु! मावशीने सगळं घोटलं, घोट घोट घोट.

टिकलीने डोकावून पाहिलं.

"यात माझा दाणा कुठला?"

"आता कसा ओळखायचा गं?"

"मग सगळंच माझं!"

"वा गं वा! आणि मी काय खाऊ?"

टिकलीने मिशा हलवल्या. "बरं. दोघींचं."

मुलं गेल्यापासून फळीवर एक वाडगा पालथा होता. मावशीने तो पुसला, आंकोने भरला. टिकलीपुढे ठेवला. दोघी खात बसल्या. मटामट मटामट.

दाणा आला, गोड झाला,
पालथा वाडगा सुलटा झाला!