मास्तरांची स्वच्छ कुंडी

"मग माझं चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा की, अक्का!"

विरूपाक्ष मास्तरांनी हातातली कुंडी मठाच्या ओट्यावर आदळली. कुंडीत वीतभर उंचीची एक वाळकी काडी उभी होती. तिला चंदनाचं रोप म्हणायचं तर डोळे मिटूनच म्हणावं लागलं असतं.

अक्का तांदूळ निवडत होती. तिनं काडीकडं पाहिलं, मग मास्तरांकडं पाहिलं, आणि सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"कितवं?"

"चौथं."

"बस."

मास्तर बसले आणि लगेच उठले.

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात रत्नाक्का चाळीस वर्षं एकटी राहत होती. शिष्य करून घ्यायची तिला हौस नव्हती. कोणी फारच मागं लागला, तर ती त्याच्या ओंजळीत चंदनाच्या चार बिया टाकायची आणि सांगायची, "तुज्या घरी रुजव. हातभर रोप झालं की घिऊन ये. मग बगू." बहुतेक जण बिया घेऊन जात ते पुन्हा टेकडी चढत नसत.

मास्तर तीन वर्षं चढत होते. एक गणित चुकलं तर मुलांना ते दहा वेळा सोडवायला लावणारा माणूस, तो असा कसा हरेल?

खालच्या गावात ते शाळेवर होते. वय छत्तीस, लग्न केलेलं नाही. घरात थोरली बहीण गिरिजा. आईवडील गेले तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि मास्तर सात. तिनंही लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मास्तरांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

त्यांना आता शाळा नको होती, घर नको होतं, माणसं नको होती. मठाच्या वरच्या अंगाला एक गुहा आहे, तिथं एकट्यानं बसून नाव घ्यायचं होतं. त्यासाठी अक्काची दीक्षा हवी होती, आणि दीक्षेच्या आड हे रोप येत होतं. येत होतं कसलं, येऊन मरत होतं.

"काय काय केलंस, सांग," अक्का म्हणाली.

मास्तर त्याचीच वाट बघत होते.

"बिया शेणाच्या पाण्यात भिजवल्या. वाळूत पेरल्या. दोन महिने एक दिवस न चुकता पाणी शिंपडलं. कोंब आले. चार पानं फुटल्यावर कुंडीत लावलं. माती तीनदा चाळली. रोज सकाळी शाळेच्या आधी गच्चीवर जायचं, गवताची काडी दिसली की उपटायची. तुम्हीच बघा, ह्या कुंडीत चंदनाशिवाय दुसरं काही दिसतंय का?"

अक्कानं वाकून पाहिलं.

"न्हाई बा. आरशावानी हाय."

मास्तर सुखावले. ही स्तुती नव्हे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"आनि गिरिजा?"

"तिला गच्चीवर यायची बंदी केलीय."

"त्ये न्हाई इचारलं. तू हितं ऱ्हायला आलास, तर ती?"

"तिची सोय लावलीय. निपाणीला आमचा मावसभाऊ आहे. त्याच्याकडं मागच्या बाजूला एक खोली आहे. पुढच्या महिन्यात राजीनामा देतो, तिला पोचवतो, की मोकळा."

राजीनामा लिहून खिशात तयार होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"ती काय म्हनली?"

"काही नाही. बरं म्हणाली."

अक्काचा हात सुपात थांबला...

मग पुन्हा फिरू लागला.

"आनि ही चारी रोपं अशीच गेली?"

"अशीच. वीतभर होतात, पिवळी पडतात, मान टाकतात. वीतभराच्या वर काही जात नाहीत." मास्तर ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. "तिसरं तेवढं जरा जगलं होतं. पण त्याचा घात ताईनं केला."

"कसा काय?"

"मला कावीळ झाली होती. दीड महिना अंथरुणावर होतो. रोपही तेव्हा पिवळं पडायला लागलं होतं, मीही पिवळा. पाणी घालायचं काम नाइलाजानं ताईवर सोपवलं. उठून गच्चीवर गेलो, तर काय बघतो? कुंडीत ही एवढी झाडी! रोप दिसेना. म्हटलं, तुला कुंडी सांभाळायला दिली होती का रान माजवायला?"

"कसली झाडी?"

"काय माहीत. ताई तेव्हा गच्चीवर तुरी वाळत घालायची. त्यातलेच दाणे पडून उगवले असतील. मी म्हटलं, हे उपटलं का नाहीस? तर म्हणते, असू दे की, जीव आहे, कुंडीत जागा आहे."

"आनि चंदन?"

"ते हिरवं होतं," मास्तर नाखुशीनं म्हणाले. "चार बोटं वाढलंही होतं. पण ते माझ्या आधीच्या मेहनतीनं. मी तसाच, अशक्त अंगानं, सगळं उपटून काढलं. माती पुन्हा चाळून घातली. दोन दिवस ताईशी बोललो नाही. आणि महिन्याभरात... गेलं."

अक्कानं सुपातला आणखी एक खडा काढून टाकला. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची तिला सवय नव्हती.

मास्तरांना ते सोसेना. ते ओट्यावरून अंगणात उतरले. चालता चालता वाकून त्यांनी फरशीच्या फटीतली हरळी उपटली. दोन पावलांवर आघाडा दिसला, तो उपटला. स्वतः काय करतोय, ह्याचा त्यांना पत्ताही नव्हता. तोंडानं चाललं होतं,

"माझ्यात काय कमी आहे ते सांगा. पहाटे चारला उठतो. एकवेळ जेवतो. कुणात अडकत नाही, कुणाचं घेत नाही. मला कुणाची गरजच पडत नाही, अक्का. एवढं होऊनही जर मी लायक नसेन..."

भिंतीच्या कडेला अक्काची एक कुंडी होती. त्यात चंदनाचं रोप होतं, हातभर, टवटवीत. आणि त्याला अगदी चिकटून एक तूर उभी होती, रोपाच्या दुप्पट उंच.

मास्तरांचा हात आपोआप तुरीच्या बुडाला गेला.

मनगट धरलं गेलं.

अक्का सुपापासून कधी उठली आणि कधी आली, ते कळलं नाही. सत्तरीची बाई, पण पकड अशी की मास्तरांचे डोळे पांढरे झाले.

"उपटायचंय?"

"हे... हे रान..."

"मग नीट बगून उपट."

तिनं त्यांचं मनगट न सोडता दुसऱ्या हाताच्या बोटानं कुंडीतली माती हळूहळू बाजूला सारली. बोटभर खाली दोन मुळं दिसली. एक तुरीचं, एक चंदनाचं. जिथं ती एकमेकांजवळून जात होती, तिथं चंदनाच्या मुळाला मोहरीएवढी एक गाठ होती, आणि ती गाठ तुरीच्या मुळाला घट्ट धरून बसली होती.

"सोडव," अक्का म्हणाली आणि तिनं हात मोकळा केला.

मास्तरांनी नखानं प्रयत्न केला. गाठ सुटेना. आणखी जोर लावला असता तर मूळ तुटलं असतं. त्यांनी हात मागं घेतला.

"हे काय आहे?"

"तोंड."

"कुणाचं?"

"चंदनाचं. त्याला एकट्याला पोटापुरतं मिळवता येत न्हाई. बियातली शिदोरी हाय तवर वीतभर वाढतंय. शिदोरी सरली की शेजाऱ्याच्या मुळाला लागावं लागतंय."

"म्हणजे तुरीच्या जिवावर?"

"व्हय."

"ते माझं तिसरं रोप..."

"व्हय."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. ते ताडकन उठले.

"तीन वर्षं! तीन वर्षं हे तुम्हाला माहीत होतं! मी चारदा बिया घेऊन गेलो, चारदा मेलेली रोपं घेऊन आलो, आणि तुम्ही इथं बसून तांदूळ निवडत होता? एका शब्दानं सांगितलं का नाही?"

"इचारलंस कवा?" अक्का शांतपणे म्हणाली. "यायचास, किती कष्ट केलं त्ये सांगायचास, नव्या बिया मागायचास आनि जायचास. चुकलं कुटं, म्हनून आज पयल्यांदा इचारलंस."

मास्तरांनी मान खाली घातली. वर्गात असं कधी झालं नव्हतं.

वारं आलं, तुरीची पानं हलली.

"अक्का, ह्या तुरीचं पुढं काय होतं?"

"वाळती."

"कधी?"

"दीड-दोन सालात. चंदन अंग धरतंय तशी ती वाळत जाती."

"मग चंदन?"

"त्याला काय झालंय? तवर त्याची मुळं लांब गेलेली असत्यात. दुसरं कोनतरी गावतंय."

मास्तर तिथंच मातीत बसले. ह्या वेळी ते उठले नाहीत.

सकाळी निघताना ताईनं भाकरी आणि चटणी बांधून दिली होती. अर्ध्या चढावर बसून त्यांनी ती खाल्ली होती, म्हणूनच इथवर येता आलं होतं. ती स्वतः जेवली होती का? त्यांना सांगता आलं नसतं. काल रात्री? तेही नाही. तिला जेवताना शेवटचं कधी पाहिलं, हे ते आठवू लागले आणि त्यांना आठवेना. तिच्या हातातल्या बांगड्या हल्ली कोपरापर्यंत घसरतात, एवढं मात्र आठवलं. काविळीतून उठून ते गच्चीवर गेले, तेव्हा ती कुंडीला पाणी घालत होती; तांब्या उचलताना ते दिसलं होतं. त्या वेळी त्यांनी फक्त एवढंच पाहिलं होतं, की तिनं पाणी कुंडीच्या कडेला सांडलं.

त्यांना लाज वाटली. लाजेच्या मागोमाग भीती वाटली.

"नुसतं बरं म्हणाली, अक्का," ते म्हणाले. "मी म्हटलं, निपाणीला सोडतो तुला. चुलीपुढं बसली होती. मागं वळलीही नाही. बरं म्हणाली, आणि भाकरी उलटली."

अक्कानं उघड्या पडलेल्या मुळांवर माती ओढली आणि तळव्यानं दाबली.

मास्तरांनी डोळे पुसले. पण छत्तीस वर्षांची खोड एका दुपारी थोडीच जाते? थोड्या वेळानं ते खाकरले, सदरा झटकला.

"बिया द्या. पुन्हा लावतो."

अक्का आत गेली. येताना तिच्या मुठीत चंदनाच्या दोन बिया होत्या आणि तुरीचे चार दाणे. मास्तरांनी रुमाल पसरला.

"आणि ह्या वेळी रोप हातभर झालं, तर मला वर घ्याल ना? दीक्षा द्याल?"

अक्का ओट्यावर चढली. सूप पुढं ओढलं.

मास्तर पायरीशी तसेच उभे राहिले. मावळतीचं ऊन अंगणातून सरकत भिंतीवर गेलं. त्यांनी रुमालाला गाठ मारली, सोडली, दाणे पुन्हा मोजले, पुन्हा गाठ मारली.

"बरं, निदान पाणी तरी सांगा. ह्या वेळी मला चुकायचं नाही. चंदनाला रोज तांब्याभर पुरे का?"

"त्याला कशाला?" अक्का म्हणाली. "तुरीला घाल."