चोरीस गेलेला शब्द

एका राज्यात एक शब्द चोरीस गेला. हिरा नव्हे, मोती नव्हे, शब्द! धूम्रकेश जादूगाराने तो साऱ्यांच्या जिभेवरून उचलला आणि डोंगरावरच्या साळुंकीच्या गळ्यात कोंडला. तेव्हापासून कुणी ठसक्यात ‘म्हणून’ म्हटले, की प्रजा नंदीबैलासारखी मान डोलवी.

पुढे राजवाड्याची विहीर आटली. धूम्रकेश दरबारात म्हणाला, “नवी राणी आली, मग विहीर आटली. म्हणून राणीनेच ती आटवली.” झाले! राजानेही मान डोलवली. सूर्यास्ताला राणी चंद्रप्रभेला त्याच विहिरीत ढकलायचे ठरले.

राजकन्या कमलजेची ती सावत्र आई, पण तिने लेकीला सख्ख्या आईची माया दिली होती. कमलजेच्या जिवाची तगमग झाली. काहीतरी विचारायचे होते आणि शब्दच सापडेना! हरवलेला बोल डोंगरावरच्या साळुंकीपाशी आहे, असे तिने ऐकले होते; ती धावत डोंगर चढली.

साळुंकी म्हणाली, “तीन बोल ऐक. खोट सापडली तर शब्द तुझा. कोंबडा आरवतो, मग उजाडते. म्हणून कोंबडाच सूर्य आणतो.”

“कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही, साळुंकीबाई.”

“या डोंगरात सोने आहे असे सारे म्हणतात. म्हणून ते आहेच.”

“म्हणतात सारे. पाहिले कुणी?”

“सावत्र आया दुष्ट असतात. म्हणून तुझीही दुष्टच.”

कमलजेला रडू कोसळले. “सगळ्या तशा नसतात. माझी तर फार मायाळू आहे. पण मायाळू आहे म्हणून निर्दोष, हेही मला म्हणता येत नाही. विहिरीत उतरूनच पाहिले पाहिजे.”

साळुंकीने चोच उघडली. शब्द बाहेर पडला.

सूर्य टेकला होता. राणी काठावर उभी होती. कमलजा धापा टाकत ओरडली, “कशावरून?”

साऱ्यांच्या जिभा सैल झाल्या. एक म्हातारी लगेच म्हणाली, “आणि राणीने आटवली नाही, हे तरी कशावरून, पोरी?”

प्रश्न रास्त होता. कमलजा दोराने विहिरीत उतरली. झऱ्याच्या तोंडाशी मंतरलेला काळा दगड ठोकून बसवला होता. तिने तो उपसला. पाणी उसळले आणि वर काठावर, सर्वांदेखत, धूम्रकेशाचा धूर झाला. आता आणखी काय पुरावा हवा?

राजा ओशाळून राणीपाशी आला. “क्षमा कर. मी आता शहाणा झालो.”

राणी शांतपणे म्हणाली, “कशावरून, महाराज?”

 याचे उत्तर राजाला पुढे जन्मभर वागूनच द्यावे लागले.